फक्कीचं स्टेशन

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी पायांकडे बघणारे असे एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटले, आणि ते नेमके माझे साहेब निघाले. ऑफिसातले ड्रायव्हर आणि शिपाई त्यांना पाठीमागे 'पायताणसाहेब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा संशय असा की आवडतही होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. खाडीच्या अलीकडे भातखाचरांवर आणि मिठागरांवर भराव पडत होता आणि त्या भरावावर नवं शहर उभं करायचं ऑफिस आमचं. मी आर्किटेक्टची परीक्षा नुकतीच पास झालेली. मुलाखतीला गेले तर टेबलापलीकडे तीन साहेब. दोघांनी मार्क विचारले, लग्न ठरलंय का विचारलं. तिसरे इतका वेळ मान वाकवून टेबलाखाली काहीतरी बघत होते. एकदम म्हणाले, "चप्पल काढून दाखवा."

मला अपमान वाटला. पण काढली. अंगठ्याला मोच्यानं मारलेला खिळा होता, टाच एका बाजूनं झिजलेली. त्यांनी ती चप्पल हातात घेऊन उलटसुलट केली.

"बस कुठं सोडते तुम्हाला?"

"हायवेच्या पलीकडे. तिथून चालत."

"तिथंच का सोडते?"

"ते मला काय विचारता? ज्यानं स्टॉप तिथं ठेवला त्याला विचारा. तो कधी उन्हात चालला नसणार!" मी तडकून बोलून गेले. नोकरी गेली हे मला कळून चुकलं होतं.

ते शेजारच्या साहेबांकडे वळले. "हिला घ्या. हिला राग येतो. राग येत नाही त्यानं स्टेशन काढू नये."

तेव्हापासून मी त्या रागाचा पगार खाल्ला असं म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे काम होतं ते होऊ घातलेल्या रेल्वेच्या स्टेशनांचं. रेल्वे कुठली येणार हेच तेव्हा ठरत नव्हतं. कुणी म्हणे हलकी, छोट्या डब्यांची, रस्त्यालगत धावणारी. कुणी म्हणे नेहमीची मोठी. त्यावर ऑफिसात तासन् तास वाद चालत. साहेब त्यात पडत नसत. ते म्हणत, "गाडी हलकी येवो नाहीतर जड. गाडी येते आणि जाते. माणूस येतो, थांबतो, वैतागतो, पोराला शू करायला जागा शोधतो. नकाशा त्याचा काढा."

त्यांना ऑफिसची जीप होती. ते तिच्यात बसत नसत. काळी छत्री घेऊन, पँट दोन बोटं वर दुमडून, भर मे महिन्यात भरावावरून चालत सुटत आणि मागून आम्ही. शिंदे ड्रायव्हर रिकामी जीप घेऊन पायी चालणाऱ्या साहेबाच्या मागं पहिल्या गिअरमध्ये येत राही. तो एकदा मला म्हणाला, "म्याडम, ही गाडी सायबानं कोंबड्या बसवायला घेतलीया का?" वाटेत एखाद्या झाडाखाली बायका टेकलेल्या दिसल्या की साहेब थांबत, त्यांनाच विचारत, "इथंच का बसलात?" बायका घाबरून उठायला लागत. हे परत म्हणत, "उठू नका हो, बसा, का बसलात तेवढं सांगा." आणि मग आम्हाला, "इथं बाक."

ते संत नव्हते, हेही सांगते. तापट, हेकट आणि दुसऱ्याचं न ऐकणारे होते. नुसत्या शोभेच्या पायऱ्या काढल्या म्हणून एका ड्राफ्ट्समनचा आठवड्याचा कागद त्यांनी टराटरा फाडला होता. पायरीशी त्यांचं जन्माचं वैर. "पायरी कुणासाठी काढलीत? ज्याच्या दोन्ही हातात काही नाही त्याच्यासाठी. असा माणूस स्टेशनवर येतो का? तो गाडीतून उतरतो आणि त्याची बॅग दुसरा उचलतो." गाडीवाल्यांची काळजी करायला देव समर्थ आहे, हे त्यांचं आणखी एक वाक्य. ते त्यांनी एकदा ज्याच्यासमोर म्हटलं तो मंत्रालयातला माणूस गाडीतूनच आला होता.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे फक्की. इमारतीचा पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं रेघा मारतात, तीच. सगळे जण नकाशा पास झाल्यावर फक्की मारतात. हे आधी मारत. कागदावर काढलेलं स्टेशन मोकळ्या रानात खऱ्या मापानं आखायचं आणि सगळ्या ऑफिसला त्यातून चालायला लावायचं. कुणाच्या डोक्यावर तांदळाची गोणी, कुणाच्या कडेवर शेजाऱ्याचं पोर, हेडक्लार्कच्या हातात दोन पत्र्याच्या ट्रंका. शिंदे ड्रायव्हरची जीप म्हणजे बस. ती फक्कीच्या दारापासून लांब थांबली की साहेब ओरडत, "बसमधून उतरलेलं पाऊल थेट फलाटाच्या वाटेला पडलं पाहिजे! मध्ये रस्ता ओलांडायला लावता? मग माणसं मारायलाच बसा की!"

त्यांच्या घरीही हाच प्रकार. नवीन क्वार्टर मिळाल्यावर वहिनींनी आम्हाला चहाला बोलावलं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर ओट्यापासून दारापर्यंत पांढरी रेघ. वहिनी म्हणाल्या, "बघा, आता मी कुठून चालायचं तेही हे ठरवणार. मी पुसते, हे मारतात." साहेब शांतपणे म्हणाले, "पुसलीस ना? कुठं पुसलीस ते मला बघायचं असतं."

आता काशीबायबद्दल सांगते.

आमच्या नोडच्या, म्हणजे नव्या शहरातल्या आमच्या वाट्याच्या भागाच्या, स्टेशनची जागा एका गावाला चिकटून होती. गावाची भातजमीन आधीच सरकारनं घेतलेली. लोकांचं आंदोलन झालं होतं, लाठ्याही पडल्या होत्या. गावाकडे उरलं होतं ते गावठाण, खाडीचं तोंड आणि गावातून हायवेच्या बस-स्टॉपकडे आणि पुढं बाजाराकडे जाणारी एक पायवाट. त्या वाटेनं पहाटेपासून बायका मासळीच्या पाट्या घेऊन जात, पोरं शाळेत जात, आजारी माणसाला खाटेवर घालून न्यायचं तर त्याच वाटेनं. आमचे रूळ त्या वाटेला आडवे येणार होते.

साहेबांनी तिथं फक्कीचं स्टेशन आखलं. सबंध दिवस गेला. रुळांचा भराव, भरावाखालून जाणारी सपाट वाट, तिकीटखिडकी, बसची जागा. दुसऱ्या दिवशी आम्ही गोणी-ट्रंका घेऊन पोचलो तर स्टेशन गायब. गावातल्या बायका ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात खराटा. सगळं स्टेशन झाडून टाकलेलं. पुढं काशीबाय. साठीची, कासोटा घातलेली, हातात खराटा आणि दुसरा हात कमरेवर.

"परत मारलास फक्की तर परत झारून टाकीन!" ती म्हणाली.

हेडक्लार्क मागच्या मागं जीपकडे सरकला. साहेबांनी आधी तिच्या पायांकडे बघितलं. अनवाणी होती. मग म्हणाले, "बाई, मी जमीन घ्यायला आलेलो नाही. हा नुसता नकाशा आहे. तुम्ही यातून चालून दाखवावं, म्हणून मारलाय."

"खोटां नको बोलू. आमी डोल्यानी बगलाय. आदी फक्की, मंग खुंटी, मंग पोलीस. आमचे शेतान पन असाच झाला."

ते खरंच होतं. तिला नकाशा वाचता येत नव्हता, पण फक्की तिला बरोबर वाचता येत होती. या बाईच्या आयुष्यात पांढरी रेघ नेहमी एकाच कामाला आली होती. साहेब तिथंच, झाडलेल्या जमिनीवर फतकल मारून बसले. सरकारी साहेब मातीत बसलेला बघून बायकाच गडबडल्या.

"तुमची वाट कुठून जाते ते दाखवा," ते म्हणाले. "तिथं मी भरावाखालून रस्ता ठेवतो. सपाट. पायरी नाही. डोक्यावरची पाटी न उतरवता जाल. मी शब्द देतो."

बाजूला उभा असलेला आमचा इंजिनिअर दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, शब्द नका देऊ. फार तर 'विचाराधीन' म्हणा."

"विचाराधीन तुम्ही व्हा," साहेब म्हणाले.

काशीबायनं त्यांना हातानं उठायची खूण केली. मग खराटा खांद्यावर टाकून पुढं चालू लागली आणि तिच्या मागं साहेब फक्कीची पिशवी फाडून रेघ सांडत चालले. दोघं असे चालले होते आणि आम्ही सगळे बघत होतो. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात खरं काम, असं मला आजही वाटतं.

भरावाखालच्या त्या वाटेचं काँक्रीट उभं राहिलं. उंच, रुंद, वारा खेळता. साहेबांनी त्यातून छत्री उघडी धरून चालून बघितलं. पण आमच्या वर एक मोठे साहेब होते, नवे आलेले, मुंबईहून रोज गाडीनं येणारे. त्यांना स्टेशन म्हणजे 'उत्पन्नाचं साधन' वाटे. त्यांनी एक मॉडेल करवून घेतलं. थर्मोकोलचं स्टेशन, हिरव्या स्पंजची झाडं, आणि समोर ओळीनं लावलेल्या रंगीत चिमुकल्या मोटारी. खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या.

बैठकीत आमच्या साहेबांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली. "यात माणसं कुठं आहेत?"

"माणसं या मापात मिळत नाहीत, सर," मॉडेल करणारा मुलगा म्हणाला.

साहेबांनी खिशातून पुडी काढली. भाजलेले शेंगदाणे. एकेक दाणा उचलून त्यांनी ठेवायला सुरुवात केली. तिकीटखिडकीसमोर रांग. बसपाशी गर्दी. गावाच्या बाजूला भरावाखालच्या वाटेच्या तोंडाशी बरेचसे. "ही गावातली माणसं. ह्या पाटीवाल्या. ही शाळेतली पोरं."

मोठे साहेब खुर्ची पुढं ओढून बोलायला लागले. ती भरावाखालची जागा म्हणजे हातची चाललेली मोक्याची जागा आहे. दोन्ही तोंडं बंद करून गाळे काढले तर चांगला भाव येईल. शिवाय मासळीवाल्या बायका स्टेशनातून जायला लागल्या तर वास येणार, चांगल्या घरची माणसं फ्लॅट घेणार नाहीत. 'उपद्रव' हा शब्द त्यांनी वापरला. बस-डेपोही हायवेच्या पलीकडे न्यावा, समोरची जागा पार्किंगला राहील. आणि हे बोलता बोलता त्यांचा हात मॉडेलकडे गेला, एक दाणा त्यांनी उचलला, चोळून साल फुंकलं आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मग वाटेच्या तोंडाशी ठेवलेले एकेक करून सगळे.

आमचे साहेब त्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "खाल्लंत ना सगळं गाव?"

मोठ्या साहेबांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "दाणे छान आहेत. कुठून आणता?"

मला अजून ती बैठक आठवते. त्या माणसाच्या मनात दुष्टावाही नव्हता हो! दुष्टावा असता तर भांडता आलं असतं. त्याला ते दाणेच दिसत होते. आपल्याकडे गावंच्या गावं अशीच, बोलता बोलता, तोंडात टाकली जातात, आणि वर कौतुक होतं की दाणे खमंग होते!

साहेबांनी टिपणं लिहिली, भांडले, मंत्रालयात जाऊन ताटकळत बसले. महिन्याभरात त्यांची बदली झाली. उरणकडच्या गोदामांच्या विभागात. जिथं माणसं चालत येत नाहीत, खोकी ट्रकनं येतात. आयुष्यभर माणसांच्या टाचा तपासणाऱ्या माणसाला खोक्यांची रचना करायला बसवलं. ते तिथूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभाला चांदीचा मुलामा दिलेली मोटार भेट दिली म्हणे, शोभेची. यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

इकडे गावाच्या बाजूनं त्या वाटेचं तोंड विटांनी बंद झालं. रेल्वेचा अजून पत्ता नव्हता. रूळ पडून गंजत होते, फलाटावर बकऱ्या हिंडत होत्या. ऐंशीचं दशक संपत आलं तरी गाडी आली नाही, पण भिंत वेळेवर आली! आणि ज्या गाळ्यांसाठी हे केलं ते कुणी घेतलेच नाहीत. आतली जागा रिकामी. पलीकडच्या तोंडाला शटरसुद्धा लागलं नाही. कुत्री झोपायची तिथं. गावातली माणसं मात्र भराव चढून, रूळ ओलांडून, पलीकडे उतरत. पावसाळ्यात त्या भरावाचा नुसता घसरडा चिखल. काशीबाय तिथूनच पाटीसकट घसरली. गुडघा फुटला. मासळी चिखलात.

मी तिला बघायला गेले तेव्हा ती पाय पसरून ओट्यावर बसली होती. मला म्हणाली, "तुजा सायब कुठं हाय? त्यानी शबूद दिलाता."

मी साहेबांना निरोप धाडला. पुढच्याच रविवारी ते आले. पँट दोन बोटं वर, छत्री, खांद्याला कापडी पिशवी. फार थकलेले दिसत होते. काशीबायच्या ओट्यासमोर उभे राहून त्यांनी तिच्या गुडघ्याच्या पट्टीकडं बघितलं. मग म्हणाले, "मी शब्द दिला होता, काशीबाई. तो मी पाळू शकलो नाही. मला माफ करा."

मला वाटलं, ती आता शिव्या देणार. द्यायलाही हव्या होत्या, त्यांना नाही, पण कुणाला तरी. ती म्हणाली, "माफी घेऊन मी काय करू? फक्की हाय का?"

साहेब गोंधळले. मग त्यांनी पिशवीत हात घातला. होती. निवृत्त होऊन, खोक्यांच्या विभागातून घरी बसून, या माणसाच्या पिशवीत अजून फक्की होती!

काशीबाय काठी टेकत उठली. भिंतीपाशी आलो. गावातली दहावीस माणसं मागं जमली. साहेबांनी पुडकं फोडलं, चुना पाण्यात कालवला, आणि बोटांनी त्या विटांच्या भिंतीवर दार आखलं. दोन उभ्या रेघा, वर एक आडवी. पाटी डोक्यावर घेऊन बाई जाईल एवढं उंच. खाली मात्र रेघ ओढली नाही. मी विचारलं तर चिडून म्हणाले, "उंबरा कशाला? अडखळायला?"

काशीबायनं मान डोलवली. "आदी फक्की झाली," ती मागं बघून म्हणाली. "मंग काय?"

तिच्या पुतण्यानं पहार आणली.

आठवड्यानं चौकशी आली. मोठ्या साहेबांनी धाडलेला एक तरुण अधिकारी, पायात चकचकीत बूट. त्याच्याबरोबर ऑफिसतर्फे मी. भिंतीत दाराएवढं भगदाड, विटा बाजूला नीट रचून ठेवलेल्या, आणि कडेला दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ अजून शाबूत. काशीबाय त्याच वेळी गावातून येत होती, लंगडत, डोक्यावर पाटी.

अधिकाऱ्यानं तिला अडवलं. "ही भिंत कोणी फोडली?"

"भित कोन फोडील? वाट व्हती, ती हाय."

"मग ह्या रेघा? ही फक्की कोणी मारली?"

काशीबायनं त्याच्याकडे असं बघितलं की मला त्या पोराची दयाच आली.

"सरकारनी," ती म्हणाली. "सरकारबिगर फक्की कोन मारतंय? आमी मारली कवा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "लाइन बरोबर आहे. इथंच होती वाट."

तो काहीतरी बोलणार होता. पण पाटीतून मासळीचं पाणी गळत होतं, काशीबाय काही थांबायला तयार नव्हती, आणि त्याला बूट सांभाळायचे होते. तो दोन पावलं मागं सरला, अंग चोरून भिंतीला टेकला, आणि ती पाटी न उतरवता आत गेली.